जुन्या ४०७ चे मागचे दिवे, ब्रेकची नळी आणि रेडिएटर : दर पावसाळ्यातली तीच ती दुखणी व त्यांवरचे घरगुती आडोसे

आमच्याकडे बांधकामाचे साहित्य पोहोचविणारी २००७ सालची टाटा ४०७ आहे. तिच्या फेऱ्या बहुतेक इंदूरच्या दक्षिणेकडे, तेजाजी नगरपासून सिमरोल आणि पुढे भेरूघाट उतरून बडवाहपर्यंत होतात. यातला मोठा रस्ता डांबरी असला, तरी शेवटचा एखादा किलोमीटर म्हणजे ज्या शेतात नवे घर उभे राहत असते त्या शेतातली चाकोरी असते, आणि गाडीची खरी हानी तिथेच होते. जूनअखेर पाऊस लागला की मागचा डावा दिवा बंद पडायचा. नवा बल्ब घातला की आठवडाभर लागायचा आणि पुन्हा बंद. सलग तीन पावसाळे आम्ही बल्ब बदलत राहिलो. तिसऱ्या वर्षी सिमरोलच्या चढावर रात्री मागून आलेल्या ट्रकने अगदी दहा हातांवर करकचून ब्रेक मारला, तेव्हा हा प्रश्न बल्बच्या किमतीचा नसून जिवाचा आहे हे ध्यानात आले.

लोहामंडीजवळच्या एका जुन्या मिस्त्रींनी दिवा उघडलाही नाही. त्यांनी आधी ब्रेक दाबायला सांगितले, मग डावा इंडिकेटर लावायला सांगितला, आणि दोन्ही एकदम चालू असताना ब्रेकचा दिवा इंडिकेटरच्या तालावर मिणमिणतो आहे हे बोटाने दाखविले. “भिया, बल्ब को मत कोसो, अर्थ देखो,” (अर्थ म्हणजे अर्थिंग, दिव्यातला प्रवाह परत नेणारी जोडणी) एवढे बोलून त्यांनी दिव्याच्या पत्र्याचा बोल्ट सोडला. वॉशरखाली तपकिरी भुकटी जमली होती. करवतीच्या मोडक्या पात्याने ती जागा चकाकेपर्यंत खरवडून बोल्ट परत आवळताच दिवा पूर्ण तेजाने लागला.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अशा गाडीत दिव्याकडे जाणारी तार एकच असते. परतीचा प्रवाह दिव्याचा पत्रा, बोल्ट आणि चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) या मार्गाने बॅटरीकडे जातो. १२ व्होल्टच्या गाडीत ब्रेकच्या २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. बोल्टखालच्या गंजामुळे या वाटेत अवघा एक ओहम रोध उभा राहिला तरी सुमारे दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि दिवा डोळ्यांना जाणवेल इतका मंद होतो. रोध आणखी वाढला की प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून आडवाट काढतो, आणि मग एक दिवा लावावा तर दुसराच मिणमिणतो, असला भुताटकीचा प्रकार सुरू होतो. त्यामुळे दोन दिवे एकमेकांच्या तालावर वागताना दिसले, तर बल्ब, स्विच आणि फ्यूज यांच्या मागे न लागता आधी अर्थ तपासावा. त्यासाठी मीटरही लागत नाही. तारेचा एक लांब तुकडा घेऊन त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे दिव्याच्या पत्र्याला टेकवावे. दिवा उजळला तर दोष परतीच्या वाटेत आहे, न उजळल्यास तो येणाऱ्या तारेत आहे.

आमच्या गाडीत पुढे दोन्हीकडे दोष निघाला. हौद्याखालून मागे जाणारी तार चेसिसच्या आडव्या पट्टीतल्या भोकातून जाते. त्या भोकातले रबरी कडे केव्हाच गळून गेले होते आणि पत्र्याच्या धारेवर घासून तारेचे आवरण कापले गेले होते. आत तांबे हिरवे पडले होते. इथे बहुतेक जण चूक करतात ती अशी, की कापलेल्या जागेवर चिकटपट्टी गुंडाळून मोकळे होतात. पाणी तारेच्या धाग्यांमधून आवरणाच्या आत बरेच दूरपर्यंत चढते. म्हणून स्वच्छ, लालसर तांबे दिसेपर्यंत तार मागे कापत गेले पाहिजे. आम्हाला दोन्ही बाजूंना मिळून हातभर तार टाकून द्यावी लागली. नवा तुकडा डाखाने जोडून त्यावर गरम करताच आवळणारी नळी चढविली, कारण नुसती चिकटपट्टी डिझेलच्या ओघळाने आणि उन्हाने सुटून फडफडू लागते. सोबत अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र काळी तार मागच्या दोन्ही दिव्यांपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ओढली. तेव्हापासून चेसिसच्या गंजावर आमचे दिवे अवलंबून नाहीत. (फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची विद्या ज्यांना अवगत आहे त्यांना एवढेच सांगतो, की घासलेली तार आणि ती चांदी एकत्र आली की फ्यूजऐवजी तारेची अख्खी जुडी जळते.)

दुरुस्ती झाली, पण तार ज्यामुळे कापली गेली ते कारण तसेच होते. यापुढचा भाग त्याच कारणाविषयी आहे. जुन्या गाडीचा एखादा भाग वर्षागणिक निकामी होत असेल, तर त्यावर काहीतरी आदळत असते, घासत असते, तापत असते किंवा साचत असते. या चारांपैकी नेमके काय घडते आहे हे ठरविल्याशिवाय घातलेला आडोसा पैसे आणि दुपार दोन्ही वाया घालवितो.

आमच्या तारेला घासण्याचा त्रास होता. तिच्यासाठी शेतातली ठिबकची १६ मिलिमीटरची काळी नळी कामास आली. खराब झालेल्या नळीचे तुकडे कुठल्याही शेतकऱ्याकडे पडलेले असतात. तिला लांबीच्या दिशेने सुरीने चीर द्यायची, तार आत सरकवायची आणि चीर जमिनीकडे येईल अशा बेताने नळी बांधायची, म्हणजे आत शिरलेले पाणी चिरेतूनच गळून जाते. मी पहिल्यांदा चीर वर ठेवली होती आणि महिनाभराने नळीत पन्हाळीसारखे पाणी साठलेले पाहिले. भोकातून जाताना सायकलच्या जुन्या ट्यूबचा दुहेरी तुकडा गुंडाळावा. नळी वीत-वीत अंतरावर बांधावी, पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेने बांधू नये. ती हादऱ्यांनी नळी कापून आतल्या तारेपर्यंत पोहोचते. प्लॅस्टिकचे बंद वापरायचे तर काळे घ्यावेत, पांढरे उन्हात लवकर ठिसूळ होऊन तुटतात. सायलेन्सरजवळून मात्र ही नळी अजिबात नेऊ नये, ती वितळते. तिथे दुसरा मार्ग नसेल तर मध्ये पत्र्याची पट्टी उभी करावी आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना बोटभर हवा खेळती राहील असे पाहावे, कारण सायलेन्सरला चिकटलेला पत्रा स्वतःच तापून उष्णता पुढे देतो.

दिव्याच्या पाठीमागची जागा याहून अवघड निघाली, आणि तिथे मी केलेली चूक सविस्तर सांगणे भाग आहे. चाकाने उडविलेला चिखल दिव्याच्या पाठीवर थेट आदळतो हे दिसत होते. म्हणून मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्यामागे पेटीसारखा बंदिस्त आडोसा केला आणि आत ग्रीस माखलेले गोणपाट कोंबले. तो पावसाळा दिवे उत्तम लागले, आणि मी आजूबाजूच्या दोन गाडीवाल्यांना हा उपाय मोठ्या अभिमानाने सांगितलाही. ऑक्टोबरात पेटी उघडली तेव्हा गोणपाट अजून ओले होते, त्याच्या भोवती काळ्या मातीचा गोळा बसला होता आणि दिवा धरणाऱ्या पट्टीत बोट आरपार जात होते.

इंदूरला कोकणासारखा पाऊस पडत नाही. वर्षाची सरासरी साधारण ९५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. तरीही गाड्यांचे तळ इथे झपाट्याने कुजतात, कारण माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते, लोखंडाला चिकटून बसते आणि बाहेरून सुकलेली दिसली तरी आतून कित्येक दिवस ओलसर राहते. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि ओलसर मातीचा थर दोन्हींचा पुरवठा सावकाश व अखंड करतो. म्हणून इकडे आडोसा बंदिस्त नसावा. समोरून येणारा मार त्याने झेलावा, आत शिरलेल्या चिखलाला खालून वाट द्यावी, आणि धुण्यासाठी तो एका पान्याने उतरविता यावा.

आता दिव्यामागे कन्व्हेयर पट्ट्याचा वीतभर रुंद तुकडा नुसता लोंबकळत ठेवला आहे. सांवेर रोडच्या कारखान्यांतून निघालेला असा जुना पट्टा भंगारवाल्यांकडे वजनावर मिळतो. त्याच्या रबरात कापडाचे थर असतात, त्यामुळे बोल्टच्या भोकापासून तो फाटत नाही. चाकाची ट्यूब किंवा पातळ रबरी चटई मात्र पहिल्याच मोठ्या दगडाने फाटते. पट्ट्यावर पत्र्याची आडवी पट्टी ठेवून, रुंद वॉशर आणि लॉकनट घालून तो हौद्याच्या आडव्या लाकडाला कसला आहे. खालची कड मोकळी आहे, चिखल आदळतो आणि गळून पडतो. बसविताना तो तुकडा दिवा, रिफ्लेक्टर किंवा नंबराची पाटी यांपैकी काहीही झाकत नाही ना, हे गाडीमागे वीस पावलांवर उभे राहून पाहिले. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला फिटनेसचे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, आणि तिथे झाकलेला रिफ्लेक्टर आधी नजरेत भरतो.

ब्रेकच्या नळीविषयी माझे मत कडक आहे. या गाडीचे ब्रेक द्रवदाबावर चालतात आणि मागच्या आसाकडे जाणारी पोलादी नळी चेसिसच्या कडेने उघडीच जाते. तिच्यावर खडी आदळते, नळी धरणाऱ्या पकडींमध्ये माती साचते आणि गंज नेमका पकडीखाली, जिथे डोळा पोहोचत नाही, तिथे सुरू होतो. अशा नळीला आडोसा देता येतो. तिची घरगुती दुरुस्ती करता येत नाही. झिरपणाऱ्या जागेवर एम-सील थापणे, नळी कापून मध्ये रबरी तुकडा आवळणे किंवा गळणारी बाजू ठोकून बंद करून उरलेल्या चाकांच्या ब्रेकवर गाडी घरी आणणे, हे तिन्ही प्रकार मी पाहिले आहेत. पूर्ण दाबाखाली यांतला एकही टिकत नाही, आणि तो दाब नेमका घाटाच्या उतारावर येतो.

तपासणीची रीत अशी : पकडी सोडून नळी तारेच्या ब्रशने हलकेच घासावी. वरचा तांबूस रंग निघून खाली गुळगुळीत पोलाद दिसले तर ती ठीक आहे. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर वाद न घालता नवी नळी घालावी. नवी घातल्यावर तिच्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा, मात्र आसाजवळच्या लवचिक रबरी होजला ग्रीस किंवा डिझेल लागू देऊ नये, खनिज तेलाने ते रबर फुगून मऊ होते. पकडीत रबराची पट्टी घालावी, पण संपूर्ण नळीवर दुसरी नळी चढवू नये. आत ओल कोंडते आणि झाकलेला गंज कुणाला दिसत नाही. खडीचा मार चुकविण्यासाठी आम्ही नळीच्या पुढे, तिला कुठेही न टेकणारी, दीड इंची लोखंडी कोनपट्टी चेसिसवर आधीच असलेल्या भोकांत बोल्टने बसविली आहे. चेसिसला नवी भोके पाडली नाहीत आणि आसाच्या आवरणाला वेल्डिंगही केले नाही, कारण भार पेलणाऱ्या लोखंडाला अशा ठिकाणी पुढे चीर जाण्याचा धोका असतो.

आसाजवळ काहीही बसविताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. गाडी रिकामी असताना घेतलेली मापे भरल्या गाडीला लागू पडत नाहीत. आमची पहिली कोनपट्टी रिकाम्या गाडीत होजपासून चार बोटे दूर होती. दोन टन खडी भरल्यावर स्प्रिंगचे पाटे दबले आणि होज पट्टीच्या धारेला जवळजवळ टेकला. ही गोष्ट मला गाडीखाली घुसल्यावर दिसली, आणि ती दिसण्याआधी गाडी त्याच स्थितीत दोन फेऱ्या करून आली होती. तेव्हापासून कोणताही आडोसा रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत, आणि पुढच्या चाकांजवळ असेल तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय मी बोल्ट शेवटचा आवळत नाही. प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची फिरकी मागच्या आसाकडे नेणाऱ्या दांड्याच्या) आसपास मात्र लोंबणारे काहीच लावत नाही. फिरत्या शाफ्टने रबराची कड एकदा पकडली की तो तिला गुंडाळत नेतो आणि जाता जाता वायरिंग व नळी दोन्ही ओरबाडून काढतो. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला चिखल लागतो हे खरे, त्यावर वेळेवर ग्रीस मारणे एवढाच उपाय आहे.

रेडिएटरची गोष्ट वेगळी आहे, तिथे आडोसाच आजार होऊन बसतो. खडी वाहणाऱ्या गाड्यांच्या मागे लागून चालल्यावर पुढे उडालेला खडा रेडिएटरच्या नळ्या फोडतो, म्हणून आमच्या आधीच्या चालकाने गाडीच्या पुढच्या जाळीच्या आत मच्छरदाणीची बारीक जाळी शिवली होती. पहिल्याच पावसात किडे, गवताचे तुरे आणि चिखलाचे थेंब यांनी ती लिंपली गेली आणि भेरूघाट चढताना काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप पाहिला, पंख्याचा पट्टा ताणला. दोष जाळीत आहे हे तिसऱ्या खेपेला, जाळी काढून घाट चढल्यावर कळले. गाडी तापत असेल तर पहिली परीक्षा हीच करावी : हवेच्या वाटेत बाहेरून लावलेले सारे काढून तोच चढ, तेवढ्याच मालासह, पुन्हा चढावा. हिवाळ्यात रेडिएटरपुढे लावलेला पुठ्ठा फेब्रुवारीत काढायचा राहून गेल्याची उदाहरणे आमच्या आळीतच दोन आहेत. आता आम्ही आठ मिलिमीटर घराची जोडकामाची जाळी, रेडिएटरला न चिकटवता दोन इंच पुढे, चार पंखनटांवर लावली आहे. ती हाताने निघते, आणि धुताना पाणी मागच्या बाजूने पुढे मारले जाते, म्हणजे अडकलेला कचरा आत दाबला न जाता ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो.

डिझेलच्या टाकीला धोका तिला आवळून धरणाऱ्या पट्ट्यांखाली असतो. पट्टा आणि टाकी यांच्यामधला जुना नमदा (लोकरीचा दाबलेला थर) पाणी शोषून धरतो आणि टाकीला पट्ट्याच्या आकाराचा गंज चढतो. त्याऐवजी ट्रकच्या जाड ट्यूबची पट्टी घालावी. वाटेत बारीक झिरप दिसली, तर कोरडी पुसून त्यावर कपडे धुण्याचा साबण घट्ट रगडणे हा जुना उपाय खरोखर चालतो, कारण साबण पाण्यात विरघळतो तसा डिझेलात विरघळत नाही. त्याच्या भरवशावर घरापर्यंत यावे, पुढची फेरी करू नये. टाकी रिकामी दिसते म्हणून तिला वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नये. आतली वाफ पेट घेते. हे काम टाकी उतरवून, आतून नीट धुऊन, ज्याला त्याचा सराव आहे अशाच माणसाकडून करून घ्यावे.

उरलेल्या भागांचे थोडक्यात सांगता येते. आल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) पावसात पॉलिथीन गुंडाळतात, ते करू नये, त्याला थंड व्हायला हवा लागते. खालून उडणारे पाणी अडवायला इंजिनच्या बोल्टावर पत्र्याची एक तिरपी पट्टी पुरते. बॅटरीची टोके स्वच्छ करून, आवळून, मग व्हॅसलिन लावावे, आधी लावू नये. टायरॉडच्या (स्टिअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टोकांची रबरी टोपी फाटली तर ट्यूबचा तुकडा बांधून आठवडाभर वेळ मारून नेता येते, पण सांधा हाताने हलवून ढिला लागला तर टोपीचा विचार सोडून सांधाच बदलावा.

दसऱ्याला गाडी धुवायची असते, तेव्हाच आम्ही सगळे आडोसे उतरवितो. प्रत्येकाच्या आतली बाजू आणि ज्या भागाला तो झाकत होता तो भाग, दोन्ही उजेडात धरून पाहतो. गेल्या वर्षी उजव्या दिव्यामागच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला, जिथे तो लाकडाला टेकतो, तिथे अंगठ्याएवढी ओली माती सापडली. दोन बोल्टांखाली एकेक जाड वॉशर घालून पट्टा लाकडापासून अर्धे बोट दूर केला आहे. ही फट माती सोडते की आणखी धरते, ते येत्या ऑक्टोबरात पट्टा उतरविल्यावर दिसेल.